अर्विंगमध्ये वाढलेली आमराई

मी अमेरिकेला निघाले त्या दिवशी मला निरोप द्यायला दोनशे माणसं, अकरा गाढवं आणि एक तहसीलदार आले होते. बरं, माणसं एकोणीस होती आणि गाढव एकच. तहसीलदार खरोखरच आले होते, पण ते रस्त्याकडेचं अतिक्रमण बघायला. अतिक्रमण म्हणजे आमची पालं.

आम्ही घिसाडी. बाजाराच्या गावी पाल टाकायचं, ऐरण जमिनीत रोवायची, गावाचे विळे-खुरपी घडवायची आणि पुढच्या गावाला निघायचं. बा छोट्या हातोडीनं लाल लोखंडावर टिण् करून जागा दाखवायचा आणि आई त्याच जागी घण घालायची. टिण्‌टिण् असं दोनदा वाजलं की थांबायचं. आईच्या घणानं तीन गावांतली कुत्री उठायची, हे मी आजही शपथेवर सांगेन.

जीपमध्ये बसताना बानं स्वतः घडवलेलं उलथनं माझ्या बॅगेत खुपसलं आणि विचारलं, "तिकडं ऐरण कुठं रोवणार, संगे?" मी वसतिगृहात शिकलेली, कंप्युटरवाली. नुसती हसले. आई कानाशी म्हणाली, "कुणी इचारलं तर खोटं बोलू नगं. पण लई खरं पण सांगू नगं."

आईचं मी निम्मंच ऐकलं.

अर्विंगला, म्हणजे अमेरिकेतल्या आमच्या शहरात, पहिल्याच हळदीकुंकवाला एका काकूंनी विचारलं, "चव्हाण का? गावाकडे काय असतं गं तुमचं?" माझ्या तोंडून निघालं, "आमराई." चाळीस एकर. गणपतीपर्यंत ती ऐंशी एकर झाली, मग तिला विहीर लागली, मग मोर आला. दर मे महिन्यात इथल्या मराठी मंडळाच्या जेवणात मी 'गावचा' आमरस वाढायची. नवरा नागपूरचा, त्याला सगळं ठाऊक. तो म्हणायचा, "यार, आता तिथं विमानतळ नको काढूस."

हसा खुशाल. पण ऐकणाऱ्यांत माझी लेक ओवीही होती. इथलाच जन्म तिचा, आता चौदाची आहे. आई-बाला सरकारी घरकुल मिळालं होतं, दोन खोल्यांचं. व्हिडिओ कॉलवर ते दिसलं तेव्हा मी तिला सांगितलं, ते रखवालदाराचं घर. मोठ्या घराचं रंगकाम चाललंय. ते रंगकाम आठ वर्षं चाललं. भारतात गेलो की मी त्या दोघांना पुण्यातच बोलावून घ्यायची. घण मारून मला मोठं करणाऱ्या माणसांना मी माझ्याच लेकीसमोर दुसऱ्याच्या घरात बसवलं होतं. आणि यंदा ओवी हटून बसली: "आई, धिस समर आमराईत राहायचं. मला मोर बघायचाय. फायनल."

त्याच आठवड्यात मंडळाचं श्रीखंड आणायला मी एका रेस्टॉरंटच्या मागच्या दारानं गेले. तिथं एक म्हातारा भल्यामोठ्या भांड्याचा पोचा काढत बसला होता. हत्तीचं पिल्लू आंघोळ करेल एवढं भांडं. तो हातोडीनं टिण् करायचा आणि त्याची लेक त्याच जागी लाकडी मोगरी घालायची. मी श्रीखंड खाली ठेवलं, त्या बाईच्या हातातली मोगरी घेतली आणि म्हातारा दाखवेल तिथं घाव घालत गेले. टिण्‌टिण् वाजलं. मी थांबले. म्हातारा बघतच राहिला. लेकीनं, लूबा तिचं नाव, विचारलं, "हू आर युअर पीपल?"

आमराई ओठांवर आली होती, पण माझ्या हातांनी आधीच सगळं सांगून टाकलं होतं. मी म्हटलं, लोहार. भटके.

लूबाची माणसं रोमा. लोक जिप्सी म्हणून हिणवतात, म्हणून बाहेर 'आम्ही ग्रीक' असं सांगायची त्यांच्या घरातली जुनी रीत. त्यांचे पूर्वज हजारेक वर्षांपूर्वी आपल्याच बाजूनं निघाले, असं ती म्हणाली. मी म्हटलं, मग आमचीच एखादी गाडी रस्ता चुकली असणार.

लूबा शनिवारी सकाळी त्यांच्या मुलींना एका हॉलमध्ये जमवते. सभा कशी चालवायची, शाळेच्या बोर्डापुढे कसं बोलायचं, हे तिथं मुलीच मुलींना शिकवतात. नियम एकच: उभं राहिल्यावर आधी आपल्या लोकांचं नाव घ्यायचं. तिनं मला बोलवलं आणि लेकीलाही आण म्हणाली. त्याआधी ओवीला सांगून टाकावं म्हणून फ्रीवेवर मी तीनदा तोंड उघडलं. तिन्ही वेळा आमराईला आणखी झाडं लागली.

सभेची अध्यक्ष होती सोळा वर्षांची झोरा. ती म्हणाली, शाळेत मी ग्रीक असते. इथं मी रोमा आहे. सोमवारपासून शाळेतही रोमाच. मग तिनं माझ्याकडं बघितलं.

मी उभी राहिले. "मी घिसाडी." आधी मराठीतच आलं, मग इंग्रजीत सांगितलं. रस्त्याकडेला पालात वाढले. आमराई नव्हती. आणि ओवी, ते घर रखवालदाराचं नाही. आजी-आजोबांचंच आहे.

ओवीनं बारीक आवाजात विचारलं, "सो द पीकॉक?"

"गाढव होतं."

"तुझ्याकडे रिअल गाढव होतं, आणि तू मला मोर सांगितलास?" सगळ्या पोरी हसल्या, तीही हसली. पण गाडीत ती खिडकीबाहेर बघत बसली. मोराचं तिनं माफ केलं होतं. आजोबांचं नव्हतं.

मंडळाला हे सगळं आत्ता आपल्या अंकात वाचूनच कळतंय. काकू, आमरस ग्रोसरीतल्या डब्यातला होता. आणि माझ्यासारखंच आडनावाआड लपून इथं राहणारं कुणी असेल, तर शनिवारी सकाळी माझ्या गाडीत जागा आहे.

रविवारी सकाळी, म्हणजे तिकडं दिवेलागणीला, ओवीनं स्वतःहून फोन लावला. हातात ते उलथनं. रोज त्यानंच तिचा डोसा उलटायचा, पण ते आलं कुठून हे तिनं कधी विचारलं नव्हतं.

"आजोबा, हे तुम्ही मेड केलं?"

बानं ते कॅमेऱ्याजवळ धरायला लावलं. मग म्हणाला, "ऐरण कुठाय तुझी?"

तिनं बाल्कनीत लोखंडी तवा पालथा घातला, त्यावर उलथनं ठेवलं आणि टूलबॉक्समधली हातोडी आणून एकदा आपटली. टिण्.

"थांब, थांब!" फोनमधून आईचा आवाज. दहा वर्षांत तिनं घण उचलला नव्हता. आता तो ओढत अंगणात आणल्याचं ऐकू आलं. बा ओरडला, "अगं, कंबर!" ओवीनं पुन्हा टिण् केलं आणि तिकडून आईनं घण घातला. घर कुठं, असं मला विचाराल तर त्या दोन आवाजांच्या मधे कुठंतरी.

तीन गावांतली कुत्री उठली. या वेळी मी वाढवून सांगत नाही. ओवीनं स्वतः ऐकली.