म्हाळाच्या आठवड्यातले पाहुणे

माझा काका जिवंत आहे ही बातमी आमच्या घरात आली तेव्हा आई वाटण वाटत होती आणि काकी तांदूळ निवडत होती. बाबांनी तांब्याभर पाणी घशाखाली ओतलं आणि एका दमात सांगून टाकलं. गावच्या एका ट्रक ड्रायव्हरनं त्याला गडहिंग्लजला पाहिलं होतं, आणि बाबा स्वतः जाऊन खात्री करून आले होते. सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, बायको आहे, मूलबाळ नाही. आई रडायलाच लागली. काकीनं तांदळातला एक खडा वेचला, खिडकीबाहेर टाकला आणि पुढचे तांदूळ ओढून घेतले.

गिरण्यांचा संप होऊन गेला होता. बाबा साकीनाक्याच्या एका वर्कशॉपात लागले होते आणि आम्ही घाटकोपरला भटवाडीच्या चढावर दीड खोलीत राहत होतो. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. घरात सगळ्यात जास्त तोंड माझंच चालायचं.

काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. तो गेला तेव्हा मी दुसरीत होते. गावच्या खाडीच्या तोंडाशी होडी उलटली, बाकीचे वर आले, काका आला नाही. देह मिळेना, म्हणून शेवटी दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी दिला. काकीच्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. तिचं कुंकू पुसलं आणि बाबा तिला मुंबईला घेऊन आले. तेव्हापासून ती आमच्याकडेच. मला न्हाऊमाखू घालण्यापासून ते माझ्या वेण्या घालेपर्यंत सगळं तिनंच केलं.

दर पितृपक्षात आमच्याकडे काकाचा म्हाळ व्हायचा. अपघातात गेलेल्यांचा म्हाळ चतुर्दशीला घालतात. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, भोपळ्याची भाजी, खीर, सगळं काकी एकटी करायची. चाळ चढावर असल्यामुळे खालच्या रांगेचं पत्र्याचं छप्पर आमच्या मागच्या दाराला लागूनच होतं. त्या पत्र्यावर ती पान ठेवायची. इतरांचे कावळे भाव खायचे. लोक हात जोडून, नाना वचनं देऊन दमायचे. आमचा कावळा मात्र पान ठेवायचा अवकाश की हजर. 'तुमचो माणूस सुखात आसा गो,' असं शेजारणी काकीला म्हणायच्या. एक गोष्ट मात्र मला लहानपणापासून खटकायची. तो कावळा ओला असायचा. बाहेर ऑक्टोबरचं ऊन तापलेलं आणि पत्र्यावर त्याच्या पायांचे ओले ठसे. बाबा म्हणायचे, गटारात बसून आला असेल.

म्हणून बातमीच्या दुसऱ्या दिवशी मी आईला विचारलं, "काका जिवंत आहे, तर मग इतकी वर्षं ते पान कोण खात होतं?"

आईनं मला उलथनं दाखवलं. "कावळा खात होता. गप्प बस."

काकी वळून माझ्याकडे बघत राहिली. हा प्रश्न तिला माझ्या आधीच पडलेला होता.

काकानं बाबांना सगळं सांगितलं होतं आणि बाबांनी ते आम्हाला सांगितलं. न सांगते तर बरं झालं असतं. होडी उलटल्यावर काका पोहत पलीकडच्या काठाला लागला आणि वाळूत पडून राहिला. अलीकडच्या काठावरून लोक त्याच्या नावानं हाका मारत होते, त्या त्याला ऐकू येत होत्या. "पण ओ द्यावीशी वाटली नाही," म्हणाला. मग उठून चालायला लागला. अरे वा! म्हणजे झालं? त्या हाकांत काकीची हाक होती. ती कंबरेइतक्या पाण्यात उभी राहून ओरडत होती, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. मला असा संताप आला की मी म्हटलं, तो इथे आला तर मी त्याला चहासुद्धा देणार नाही.

बाबांनी तर त्या दोघांना आठवडाभर राहायला बोलावून ठेवलं होतं. दोघांनीही मुंबई कधी पाहिली नव्हती. समोरचे शेजारी गणपतीला गावी गेले होते, नवरात्रापर्यंत यायचे नव्हते आणि त्यांच्या खोलीची किल्ली आमच्याकडे होती. खोली रिकामी मिळते एवढं बघून बाबांनी आठवडा ठरवला. कोकणातला माणूस गणपतीनंतरच्या पंधरवड्यात, ऐन पितृपक्षात, कुणाला पाहुणचाराला बोलावील का? पण भाऊ सापडल्याच्या आनंदात त्यांनी कॅलेंडर बघितलंच नाही.

आणखी एक बेत होता. बाबा गावच्या भटजींना विचारून आले होते. ज्याचं जिवंतपणी क्रियाकर्म झालं, तो परत आला तर त्याला पुन्हा जन्माला घालावं लागतं. तुपानं न्हाऊ घालायचं, पाळण्यात घालून बारसं करायचं आणि त्याच्याच बायकोशी त्याचं पुन्हा लग्न लावायचं. एवढा घोडा पाळण्यात मावणार कसा, असं मी म्हटलं आणि बाबांचा ओरडा खाल्ला. पितृपक्षात असलं काही करता येत नाही, म्हणून आठवड्याच्या शेवटी घटस्थापनेला विधी करायचा आणि दुसऱ्या दिवशी काकीनं त्या दोघांबरोबर गडहिंग्लजला जायचं, असं ठरलं. त्याच्या बायकोचीही ना नव्हती. "तुझा संसार परत मिळतोय गो," आई काकीला म्हणाली. आईच्या मनात वाईट नव्हतं.

काकी मला मोरीत एकटीला गाठून म्हणाली, "मी खंय जावचंय नाय."

"मग बाबांना सांग ना तसं."

"माझा कोण आयकता?" ती म्हणाली आणि भांडी विसळायला लागली. खरंच होतं ते. दुसऱ्याच्या घरात इतकी वर्षं काढलेल्या बाईचं कोण ऐकतं? ती गेली तर हे घर मला खायला उठलं असतं.

पाहुण्यांना मुंबई दाखवायची जबाबदारी माझ्यावर आली. जुहू, चौपाटी, गेट वे असा झकास बेत मी आखला, तोच काकाचा निरोप आला, कुठंही न्या, पण समुद्र नको. घ्या! मुंबईत समुद्र वगळला तर उरतं काय? मी चिडून राणीची बाग, पवईचं तळं, बोरिवलीचा पार्क असं काहीतरी जमवलं. पुढे तळंही नको म्हणाला.

ते आले. काका बाबांसारखाच दिसायचा, फक्त रंग उडालेला. बोलणं पार घाटावरचं झालेलं. त्याची बायको जाडजूड, हसरी, साधी. तिनं आल्याबरोबर काकीच्या पाया पडायला वाकून सगळ्यांची पंचाईत केली. काकीनं तिला उठवलं, दोघांना चहा दिला आणि काकाला विचारलं, "प्रवास बरा झाला?" एखाद्या परक्या माणसाला विचारावं तसं. तो तिच्याकडे बघतही नव्हता.

त्याच्या बायकोनं मला दोनच दिवसांत पटवलं. "मला तेवढा समिंदर दावा की. ह्यास्नी सांगू नगा." मग काय, देवळात जातो असं सांगून मी तिला खारदांड्याला नेलं. जुहूची गर्दी मला नको होती. किनाऱ्यावर जाळी वाळत पडली होती, सुक्या मासळीचा वास सुटला होता. ती पाण्याकडे बघत बराच वेळ उभी राहिली आणि मग माझा हात घट्ट धरून म्हणाली, "ह्ये झोपंत हात मारत्यात, पवल्यागत. एकदा हालवून उठिवलं. म्हणाले, पाण्यात एक जण राहिला. कोण, म्हणून इचारलं, तर म्हणाले, मीच." जराशानं ती म्हणाली, "परत इचारलं न्हाई मी."

चतुर्दशीच्या आदल्या दिवशी काकीनं काळे वाटाणे भिजत घातले. बाबांच्या ते लक्षात आलं आणि त्यांचा पारा चढला.

"अगो, तो समोर बसलो असताना तेचो म्हाळ? लोक तोंडात शेण घालतले!"

काकी आजवर बाबांसमोर मान वर करून बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली. "भावजी, ते जिते आसत तर बरा झाला. पण इतकी वर्सां जो येऊन जेवता, तेका काय सांगू? उपाशी धाडू?"

काका खाली मान घालून बसला होता, त्याच्या कानशिलावर घाम आला होता.

चतुर्दशीला भर दुपारी काकीनं पत्र्यावर पान ठेवलं. विजेच्या तारेवर कावळ्यांची रांग बसलेली, पण एकही खाली येईना. असं आमच्याकडे कधीच झालं नव्हतं. म्हाळाच्या दिवशी कावळा शिवल्याशिवाय घरात कुणी जेवत नाही. वडे गार झाले, सांबाऱ्यावर साय धरली. बाबा हात जोडून पुढे झाले, गावच्या घराचं छप्पर शाकारू, कुळाचार चुकवणार नाही, म्हणाले. कावळे ढिम्म. शेवटी बाबा वैतागून म्हणाले, दर्भाचा कावळा करू आणि त्याची चोच पानाला लावून मोकळे होऊ.

"पुतळो एकदा केल्यात," काकी म्हणाली, "आता कावळोय गवताचो?"

मग काकाची बायको बिचारी पुढे झाली. तिनं पदर डोक्यावर घेतला आणि पानाला हात जोडून म्हणाली, "ताईस्नी मी सख्ख्या भैनीगत सांभाळीन. माझ्या घरी न्हेते त्यास्नी." तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत तारेवरचे सगळे कावळे एकदम उडाले आणि ओरडत पार डोंगराकडे निघून गेले. तार रिकामी हलत राहिली. आईनं माझं मनगट पकडलं.

बाबांनी काकाला पुढे ढकललं. तो मागच्या दारात उभा राहिला, पानाकडे बघत. बऱ्याच वेळानं त्याच्या तोंडून शब्द आले, ते मालवणी. आल्यापासून पहिल्यांदाच. "काय व्हया तुका?" त्यानं विचारलं. आवाज इतका बारीक की तो रडेल असं मला वाटलं. एवढा राग मनात असून मला त्याची कीव आली. पानावर माशी फिरत होती, बाकी काही नाही.

काकीनं त्याला हातानं बाजूला केलं. ती उंबऱ्यात बसली आणि रोजच्या आवाजात, जसं कुणाला जेवायला बोलवावं तसं बोलली.

"उपाशी जाव नकात. मी तुमचीच आसंय. ह्यो पावनो. परवा जातलो."

कावळा आकाशातून आलाच नाही. पत्र्याच्या खालच्या कडेकडून तो चालत वर आला, पिसं अंगाला चिकटलेली, एकेक पाय उचलत. कुणाची भीती नाही, घाई नाही. त्यानं वडा उचलला, खिरीत चोच घातली, काकीकडे एकदा मान वाकडी करून बघितलं आणि आला तसाच कडेवरून खाली उतरला. पत्रा इतका तापला होता की हात ठेववला नसता, आणि त्यावर ओल्या पायांची रांग उमटली होती. आम्ही सगळ्यांनी बघितली. ती वाळायलाही वेळ लागला.

"इथनं दर्या किती लांब?" काकानं मला विचारलं.

"लांब आहे," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

काकीनं हात धुतले आणि पानं मांडली. काकाच्या पानावर तिनं दोन वडे वाढले, सांबारं वाढलं, वर तूप घातलं. "बसा पावन्यानू," ती म्हणाली, "सावकाश जेवा." त्याचा घास तोंडातल्या तोंडात फिरत राहिला.

विधीचं नाव बाबांनी पुन्हा काढलं नाही. घटस्थापनेच्या सकाळी ते दोघं निघाले, आले तसे दोघंच. बाबा त्यांना बसपर्यंत सोडायला गेले. त्याची बायको माझ्या गळ्यात पडून रडली. तिची काय चूक होती? काकी चाळीच्या नळावर हंडा भरत होती, मी तिच्याशेजारी कळशी घेऊन उभी होते. चढाच्या तळाशी पोचल्यावर काका थांबला, वळला आणि त्यानं काकीला हाक मारली. तिच्या नावानं. आमच्या घरात ते नाव कुणीच घेत नसे. सगळी चाळ वळून बघायला लागली. त्यानं पुन्हा हाक मारली, मग आणखी एकदा, दोन्ही हात तोंडाशी धरून. मग बाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि ती तिघं वळणाआड गेली.

हंडा भरून वाहायला लागला तसा काकीनं नळ बंद केला.

"काकी, तुला ऐकू नाही आलं?"

"आयकलंय," ती म्हणाली आणि हंडा कंबरेवर घेतला. "ओ देवशी वाटूक नाय."