सरगुंडे ढवळत नाहीत

जाफराबादच्या स्टँडवरून मी कॅनडाला निघालो तेव्हा माझ्या मांडीवर पत्र्याचा एक डबा होता. बॅगा एसटीच्या टपावर, पासपोर्ट शर्टाच्या आतल्या खिशात, आणि दोन्ही हात डब्याला. डब्यात वहिनींनी केलेले सरगुंडे. तोंडाला पांढरं फडकं, वर सुतळी. माय खिडकीखाली येऊन म्हणाली, "जाय बापू. कोणाचा डबा रिकामा वापस करू नको." देश सोडून चाललेल्या पोराला तिनं एवढंच सांगितलं. माझा थोरला भाऊ, दादा, कंडक्टरशी उगाच गप्पा मारत होता, कारण माझ्याकडे बघितलं असतं तर दोघांचीही पंचाईत झाली असती. वहिनी सगळ्यांच्या मागे उभ्या होत्या. त्यांनी लांबूनच हातानं खूण केली, डबा आडवा धरू नका.

ज्यांनी सरगुंडे पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. गव्हाच्या पिठाची घट्ट कणीक मळायची, तिची बारीक दोरी वळायची आणि ती गुळगुळीत काडीवर वेढ्याला वेढा लावून गुंडाळायची. मग हलक्या हातानं काडी ओढून घ्यायची. उन्हात वाळलं की बोटभर लांबीची पोकळ नळी होते. उन्हाळ्यात आमरसात घालून खातात. वहिनी आमच्या घरी आल्या तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. त्या वेढे द्यायच्या आणि मी काड्या ओढायचो. "भाऊजी, हात हाये का लाकूड?" हे मी हजारदा ऐकलं असेल.

मी गेलो याचा मला पस्तावा नाही, हे आधी लिहून टाकतो. गेलेली माणसं आठवणी लिहायला बसली की जाण्याचाच गुन्हा कबूल करत सुटतात. मी तसं करणार नाही. मला जायचं होतं, मी गेलो, तिकडे कारखान्यातली यंत्रं नीट ठेवायचं काम शिकलो, संसार केला, मुलगी वाढवली. उद्या तीच गाडी लागली तर परत चढेन. माझा गुन्हा वेगळा आहे, आणि तो त्या डब्यातला आहे.

दर उन्हाळ्यात डबा यायचा. संभाजीनगरचं कुणी ना कुणी कॅनडात आमच्या शहराकडे येत असे, त्याच्या सामानात दादा कोंबून द्यायचा. पहिली आठ-दहा वर्षं मी ते सरगुंडे खाल्ले. मधे लग्न झालं. मेघना पुण्याची, तिला ते कधीच आवडले नाहीत, आणि त्यात तिची काही चूक नाही. मुलगी इरा तीन वर्षांची असताना ताटात बघून "अळ्या" म्हणाली आणि रडली. त्यानंतरच्या वर्षीचा डबा मी घरात आणलाच नाही. गॅरेजमध्येच उघडला, कचऱ्याच्या पिंपात उपडा केला, आणि रिकाम्या डब्यात खिळे-स्क्रू भरून ठेवले. डबा चांगला होता ना.

मग दरवर्षी तेच. बारा वर्षं. आणि दरवर्षी फोनवर वहिनी विचारायच्या, "भाऊजी, औंदा कसे निघाले?" मी म्हणायचो, "एकदम बराबर, वहिनी. पुरवून पुरवून खाऊन राह्यलो." एकदा खोटं बोलायला जड जातं. पाचव्यांदा ते तोंडातून आपसूक येतं, रामराम यावा तसं.

गंमत अशी की त्याच घरात, त्याच ओट्यावर, मी रविवारी नळ्यांचाच पास्ता करायचो. इराच्या हट्टानं शिकलो. मोठ्या नळ्या अर्ध्या कच्च्या उकडायच्या, पनीर, पालक, लसूण, मिरपूड यांचं सारण बोटानं आत दाबायचं, टोमॅटोच्या रश्शात आडव्या मांडायच्या, वर चीज किसून ओव्हनमध्ये ठेवायच्या. वर तांबूस पापुद्रा आला की झालं. माझा हात त्यात चांगला बसला. पाहुणे आले की मेघना कौतुकानं सांगायची, हा यांचा पदार्थ. मी फोटो काढून दादाला पाठवायचो. बोटावर नळी चढवताना कधीतरी काहीतरी आठवायचं, नाही असं नाही. मी लगेच दुसरी नळी घ्यायचो.

यंदा एप्रिलात एकटाच गावी गेलो. माय जाऊन सहा वर्षं झाली, अंगणात आता फरशी आहे, बाकी उन्हाळा तोच. दुसऱ्याच दिवशी वहिनी म्हणाल्या, "निस्ते फोटोच धाडता भाऊजी. एकदा करून तं घाला. का आम्ही फोटोच चाटावं?"

मी तयारीनं आलो होतो. बॅगेतून पास्त्याचं खोकं काढलं, आणि आत सगळा भुगा. एकही नळी धड नव्हती. दादा हसून हसून खोकायला लागला. वहिनींनी एक तुकडा उचलून उजेडात धरला. "हे काय, सरगुंडाच हाये की. जाडी काडी घेतली की झालं." आणि दुपारभर त्यांनी अंगठ्याएवढ्या जाड वेळूच्या काडीवर कणकेच्या पट्टीचे वेढे देऊन तीस नळ्या केल्या. काड्या मी ओढल्या. "हात अजून लाकडाचाच हाये," त्या म्हणाल्या. दोन दिवस त्या नळ्या बाजेवर वाळल्या.

तिसऱ्या दिवशी मी कंबर कसली. दूध फाडून पनीर केलं, शेतातला पालक चिरला, चीज दादानं जालन्याहून आणलं होतं. पाण्याला आधण आलं, सरगुंडे सोडले, आणि झाऱ्यानं ढवळायला लागलो. पास्ता ढवळावाच लागतो, नाहीतर तळाला धरतो. दोन मिनिटांत वेढे सुटायला लागले. नळ्यांच्या पट्ट्या झाल्या, पट्ट्यांची खीर व्हायच्या बेतात होती.

वहिनी दारात उभ्या होत्या, मागे दादा.

"ढवळले?"

मी झारा बाहेर काढला.

"सरगुंडे कोणी ढवळतं का? गॅस बारीक करून निस्तं झाकण ठेवायचं, येवढं म्हाईत न्हाई? वीस-बावीस वर्स झाली खाऊन राह्यले तुम्ही. तिकडं कसे शिजवीत होते मंग?"

सुटायला वाट होती. मेघना शिजवते म्हणालो असतो तर भागलं असतं. पण बाजेवर दोन दिवस वाळलेल्या त्या नळ्या माझ्यासमोर उकलत होत्या.

"बारा वर्स झाली, शिजवलेच न्हाई वहिनी. पहिले आठ-दहा वर्स खाल्ले. मंग टाकून देल्ते."

"कोणत्या सालचे?"

"समदे."

त्यांनी पुढे होऊन गॅस बंद केला. "माझ्या मनगटाला पलस्तर होतं, त्या सालचे बी?"

हे मला माहीतच नव्हतं. मी दादाकडे पाहिलं. तो खाली बघत म्हणाला, "डाव्या हातानं केल्ते तिनं. मी नको म्हनलं, ऐकली न्हाई."

"ते बी," मी म्हणालो.

वहिनी ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या सावकाश बोलल्या. "आवडत न्हाई म्हनले आस्ते तं मी काय मारलं आस्तं? शेजारच्या पोरी मागायच्या मला. भाऊजीला धाडायचे हायेत म्हून मी त्यायला न्हाई म्हनले, भाऊजी. दर साली न्हाई म्हनले." आणि त्या अंगणात निघून गेल्या.

मला इतकी वर्षं वाटत होतं की मी पीठ फेकलं. मी शेजारच्या पोरींच्या ताटातलं फेकलं होतं.

अकरा नळ्या धड उरल्या होत्या. काय करणार, त्या भरल्या. गावातल्या बेकरीत अजून लोक घरचं पीठ-तूप नेऊन नानखटाई भाजून आणतात, तिथंच दादानं मला ताटासकट स्कूटरवर नेलं. पाव निघाले होते, भट्टी निवत आली होती. म्हाताऱ्या बेकरीवाल्या चाचांनी ताटात वाकून पाहिलं. "क्या भाऊ, करंज्या के मुँह बंद करना भूल गए?" मग चीज वितळताना बघून स्वतःच लाकडी फावड्यानं ताट दोनदा फिरवलं. "बराबर रंग आया. ले जाओ, जल्दी खाओ."

घरी वहिनींनी ताटं घेतली. एक सरगुंडा मधोमध तोडला, आतलं पनीर बघितलं, खाल्ला. "मीठ कमी हाये," म्हणाल्या. थोड्या वेळानं दुसरा घेतला. उरलेल्यातले चार वाटीत काढून शेजारी पाठवले. माझ्याशी मात्र जायच्या दिवसापर्यंत कामापुरतंच बोलल्या.

निघताना त्या स्टँडवर आल्या, रिकाम्या हातानं. मी खिडकीत बसलो, आणि मांडीवर हात कुठे ठेवावे ते कळेना. गाडी सुरू झाली तेव्हा त्यांनी पदराखालून वर्तमानपत्राची एक गुंडाळी काढून आत टाकली. काड्या होत्या. बारीक दहा, जाडी एक. "खायाचे आसतील तं करून खा."

आता मी दर रविवारी वेढे देतो. पहिले दोन घाणे फुकट गेले. तिसरा जमला, तेव्हा गॅरेजमधल्या एका डब्यातले खिळे ओतून टाकले, डबा घासून पुसून उन्हात ठेवला, त्यात माझे सरगुंडे भरले, तोंडाला फडकं बांधलं आणि संभाजीनगरला निघालेल्या एका ओळखीच्याकडे दिला. मायनं सांगितलेलं बावीस वर्षांनी ऐकलं.

जे गेले आणि ज्यांना अजूनही डबे येतात, त्यांना एवढंच सांगतो, नको असेल तर नको म्हणा. घरच्यांना नकार पचतो. घर म्हणजे काय, असं हल्ली कुणी विचारलं तर मी मोठं काही सांगत नाही. पूर्वी डबा यायचा आणि मी वाट बघत नव्हतो. आता मी डबा पाठवला आणि सतरा दिवस फोन हातात धरून बसलो. ज्या गावाकडून येणाऱ्या उत्तराला मी असा घाबरतो, ते माझं घर.

अठराव्या दिवशी मोबाईलवर वहिनींचा आवाज आला. नमस्कार-चमत्कार काही नाही.

"डबा पोचला. पाच उकलले, तुमचा पीळ सैल हाये. बाकीचे शेजारच्या पोरींनी आन् म्या खाल्ले." आणि फोन ठेवता ठेवता, "टाकले न्हाई."