तळहाताएवढा डाग

मुकुंदवाडी स्टेशनच्या मागं एकजण गाड्यांना पॉलिश करतो. आमची कॅरव्हॅन, म्हणजे चाकांवरचं स्वयंपाकघर नि दोन पलंग, दर उन्हाळ्यानंतर त्याच्याकडं जाते. उन्हानं तिचा रंग खडूसारखा झालेला असतो. तो पत्र्यावर बोट फिरवतो, बोटाला लागलेली पांढरी भुकटी मला दाखवतो आणि टपावर चढतो.

"टप कोण बघतंय?" मी एकदा म्हणालो.

"ऊन बघतंय की."

गाडी आरशासारखी झाली, की मागच्या दाराखाली तळहाताएवढा तुकडा तो मुद्दाम तसाच मळका सोडतो. दृष्ट लागू नये म्हणून ती तीट.

यंदा मी म्हणालो, "उद्या गिऱ्हाईक येतंय. तेवढंही चमकवून टाका."

"विकायलात व्हय?" त्यानं तो तुकडाही घासला. "मग लागू द्या नजर. आता तुमची नाय ती."

गिऱ्हाईक आलं, गाडीभोवती दोनदा फिरलं. त्याच्या मागून मीही फिरलो. नजर लागली ती माझीच. गिऱ्हाइकाला चहा पाजून परत पाठवलं आणि गाडी मुकुंदवाडीला नेली.

तो मागच्या दाराखाली उकिडवा बसला आणि खरखरीत कागदानं चमक घालवायला लागला.