कोडोलीच्या मुलीला येणारे फोन

संशय घेण्याचेच मी पैसे घेते. कोल्हापुरात माझं वधू-वर सूचक मंडळ आहे. मुलाकडचे काय वाट्टेल ते सांगोत, मी आधी त्यांच्या गावात जाऊन चौकशी करते. हातकणंगल्याचा एक जण स्वतःला बागायतदार म्हणवत होता. त्याच्या गल्लीतल्या किराणा दुकानात मी उगीच पावशेर शेंगदाणे घेतले, दुकानदाराला बोलतं केलं, तर सगळा ऊस चुलत्याचा निघाला! नवरा म्हणतो, "तू देवळात गेलीस तरी पुजाऱ्याची चौकशी करशील." करीन की. त्यात काय चुकलं?

मंडळाची वेबसाइट झाली तेव्हा तर मी आणखीनच सावध झाले. लोकांच्या मुलींचे फोटो, फोन नंबर, जन्मतारखा तिथं ठेवायच्या म्हणजे काय चेष्टा आहे? पासवर्ड नवऱ्यालाही सांगितला नाही. मोबाईलवर ओटीपी आल्याशिवाय मलासुद्धा आत जाता येऊ नये, असं करून घेतलं. मेसेजमधल्या कुठल्याही लिंकला बोट लावलं नाही. एकदा गोड आवाजाच्या एका माणसाचा फोन आला, "मॅडम, तुमची साइट बंद पडणार आहे, आत्ता आलेला ओटीपी सांगा." मी म्हटलं, "पावणं, गाव कुठलं तुमचं? कुणातले तुम्ही?" त्यानं फोनच ठेवला. नोंदणीला आलेल्या माणसाची कागदपत्रं स्वतः बघितल्याशिवाय मी कुणाला लॉगिन देत नव्हते. एवढं सगळं केल्यावर माझी मान जरा ताठच होती, खोटं कशाला सांगू.

आणि मग कोडोलीहून फोन आला. दुधाचा धंदा करणारे गृहस्थ, त्यांच्या मुलीची नोंदणी माझ्याकडं होती. मुलगी नर्सिंगला, शेवटच्या वर्षाला.

"मॅडम, आमच्या पोरीचं नाव काढून टाका. आता आमचं आमी बघतो."

"का हो, काय झालं?"

झालं होतं ते असं. मुलीला एका माणसाचे फोन येत होते. मंडळातूनच बोलतोय म्हणायचा, पत्रिका जुळलीय, एकट्या भेटायला या म्हणायचा. पोरगी शहाणी, तिनं स्वतः घरात सांगितलं. आणि बापानं तिलाच धरलं!

"अनोळखी माणसाला हिचं नक्षत्र, मामाचं गाव कुठनं ठावं? हिनंच सांगितलं आसणार. कॉलेजातलाच कोणतरी हाय. आमास्नी काय कळत न्हाय व्हय?"

मोबाईल काढून घेतला होता. कॉलेज बंद केलं होतं. शिक्षण बास, मिळेल त्या स्थळाला उजवायची, असं ठरत आलं होतं. मी म्हटलं, मला चार दिवस द्या, तोवर काही ठरवू नका. ते "बघू" म्हणाले. ह्या "बघू"चा अर्थ मला चांगला माहीत आहे.

माझा पहिला संशय वेबसाइट करणाऱ्यावर. आमच्या लग्नपत्रिका छापणारा छापखानेवाला, त्यानंच साइटही करून दिली होती, म्हणजे आतला रस्ता त्याला ठाऊक. तडक छापखान्यात गेले आणि गिऱ्हाइकांसमोरच विचारलं, "मुलींची माहिती कुणाला दिलीस?"

तो बिचारा पांढराफटक पडला. "वहिनी, शपथ घेऊन सांगतो..."

"शपथ नको. साइट दाखव."

त्यानं लॉगिन न करता एका मुलीच्या पानाचा पत्ता वरच्या पट्टीत टाकला. पत्त्याच्या शेवटी एक आकडा होता. पान उघडलं. त्यानं तो आकडा बदलला, तर दुसरी मुलगी. पुन्हा बदलला, तिसरी. फोटो, फोन, जन्मवेळ, नक्षत्र, मामाचं गाव, सगळं समोर.

"लॉगिन का विचारत नाही हे?"

"यादीच्या पानाला विचारतं. ह्या पानांना लावायचं माझ्याकडून राहिलं, वहिनी."

राहिलं म्हणे! पुढच्या दाराला मी कुलपावर कुलूप लावत बसले होते आणि मागं भिंतच नव्हती. साइटच्या नोंदीत दिसलं की कुणीतरी ओळीनं एकेक पान उघडून गेलंय. कोण, ते काही कळलं नाही. मला दुसऱ्या एका मंडळवाल्याचा संशय होता, मी नाकारलेल्या एका नवरदेवाचाही होता, आणि तो अजून गेलेला नाही. त्याच दिवशी साइट बंद केली, सायबर पोलिसांत तक्रार दिली. घरोघरी फोन करून लोकांच्या शिव्याही खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी कोडोली गाठली. बापाला सगळं समजावून सांगितलं. त्यांनी चहा पुढं केला आणि म्हणाले, "ते वेबसाइट-बिबसाइट मला सांगू नगा. तुमची चूक झाकायला आलायसा की हिची?"

माझा पारा चढला. पण गप्प बसले, कारण दारामागं ती मुलगी उभी होती आणि तिला एवढ्या दिवसांत कुणी काही विचारलंच नव्हतं. मी तिला समोर बसवलं. म्हटलं, तो माणूस काय काय बोलला, शब्द न् शब्द सांग.

"काकू, त्यो म्हणाला, तुमचा जन्म पहाटे पाचचा, त्या वेळेवरनं पत्रिका झकास जुळतीया."

आत भाकरी थापणारी आई हसलीच. "पहाटे कुठली? सांजच्या धारा काढून उठलो आन् कळा सुरू झाल्या की. दिवं लागल्यावर झाली ही."

मी माझ्याकडचा मूळ फॉर्म काढला. पहाटे पाच. अक्षर बापाचं.

"साहेब," मी विचारलं, "ही वेळ कुठली?"

त्यांनी फॉर्म माझ्या हातातून घेऊन पालथा ठेवला. मग पुटपुटले, "पत्रिकेत मंगळ निघत हुता. जोशानं सांगितलं, वेळ बदलली की जातोय. घरात कुणाला बोललो न्हाय."

म्हणजे ती वेळ बापाला माहीत, आणि वेबसाइटला. मुलीला माहीतच नव्हती, मग ती कॉलेजातल्या कुणाला काय सांगणार? त्या माणसानं ती आमच्या पानावरूनच उचलली होती. बाप उठला, फडताळातून मुलीचा मोबाईल काढला आणि तिच्यासमोर ठेवला.

"उद्यापासनं जा कॉलेजला," एवढंच म्हणाला.

तिनं मोबाईलला हात लावला नाही. बापाकडं बघत, आवाज न चढवता म्हणाली, "आबा, तुमी खरी वेळ लिवली असती, तर मी खरं बोलतोय हे तुमास्नी कधी पटलं असतं का?"