पोलाद चांगलं शे

भडगावला आमच्या गल्लीच्या टोकाला एक लोहार होता. धीर नावाची चीज त्याच्या भट्टीत केव्हाच जळून गेली होती. लालभडक कुऱ्हाड पाण्यात बुडवायची आणि फस्स झालं की गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची. पुन्हा मंद आचेवर तिचा ठिसूळपणा घालवणं त्याला कमीपणाचं वाटे. मग पहिल्याच बाभळीवर धारेचा तुकडा काचेसारखा उडे. एक माझ्या कपाळात घुसला, तेव्हा हा म्हणाला, "पोलाद चांगलं शे, भाऊ. तुमना हात जड शे."

पुढे धुळ्याच्या बाजारात हे महाशय दुसऱ्याच लोहारापुढे उकिडवे बसलेले दिसले. मंद आचेवर तापणाऱ्या धारेवर ठिसूळपणा गेल्याचा पिवळसर रंग चढेपर्यंत निमूट थांबले होते. मला पाहून जराही न ओशाळता म्हणाले, "हाई घरनी कुऱ्हाड शे, भाऊ."