आगवाले आणि स्वीडनचा किनारा

आगवाल्यांना हसलेले महाडात कुणी पाहिले नव्हते. बोटीच्या भट्टीत कोळसा मारणाऱ्याला आगवाला म्हणतात. बारा वर्षे ते काम करून ते गावी परतले आणि सायकली दुरुस्त करू लागले. मी तेव्हा शाळेत नवा मास्तर होतो. साखळीला तेल नाही म्हणून पहिल्याच दिवशी त्यांनी मला चार लोकांत झाडले.

त्यांच्या रागाचे मूळ स्वीडनात होते. तिथल्या एका बंदरात त्यांची बोट आठ दिवस अडकली होती. खलाशांना उतरायची मुभा मिळाली, आगवाल्यांना नाही. कठड्याला टेकून त्यांनी आठ दिवस लाल लाकडी घरे पाहिली, किनाऱ्याच्या रस्त्याने सायकलवरून जाणाऱ्या बायका पाहिल्या. "आमच्या कोळशावर बोट पोचली, नि आमीच उतरायचं नाय," असे सांगताना ते हातातला पाना आपटत. तो सगळा किनारा सायकलने फिरायचा आणि रोज त्याच जमिनीवर निजायचे, असे त्यांनी ठरवले होते.

शाळेच्या नकाशावरून मी त्यांना किनारा उतरवून दिला. त्यावर त्यांनी मुक्काम आखले. शिडाच्या कापडाचा तंबू स्वतः शिवला. सराव म्हणून आम्ही दोघे सामान लादून पोलादपूरवरून आंबेनळी घाट चढलो. मी ठोकलेला तंबू त्यांनी तीनदा उपटायला लावला. "वाऱ्याकडची खुंटी आधी," एवढेच दरडावले, आणि थंडी पडल्यावर स्वतःची घोंगडी माझ्या अंगावर फेकली.

परदेशी जायच्या परवान्याचा अर्ज मीच लिहिला. दिवस मिठाच्या चळवळीचे होते. कोळसा मारणारा माणूस नुसता फिरायला जाईल कशाला, असा कचेरीतल्या साहेबांना संशय आला. चांगल्या वर्तणुकीचा दाखला कुणा ओळखीच्या माणसाने द्यावा, असे त्यांनी कळवले. दोन ओळी लिहायच्या होत्या. हेडमास्तरांनी मला बोलावून शाळेच्या सरकारी मदतीची आठवण करून दिली. मी सही केली नाही. अर्ज फेटाळला गेला.

मी दुकानात गेलो तेव्हा ते चाक सरळ करीत होते. त्यांनी शिव्या द्याव्यात, असे मला फार वाटत होते.

"मास्तर, त्या सायबानं मला बघितलं पण नव्हतं," ते म्हणाले. "तुमी तर माझ्या तंबूत निजलाव."

महिन्याभरात त्यांनी पुन्हा बोटीवर आगवाल्याचेच काम धरले; त्याला तो परवाना लागत नसे. सायकल सुटी करून गोणत्यात भरली आणि दासगावच्या बंदरावरून गेले. मी पोचवायला गेलो होतो. त्यांनी गोणत्याला हात लावू दिला नाही.

वर्षाने त्यांचा एक सोबती महाडात आला. स्वीडनात बोट लागली, पुन्हा मुभा नाकारली गेली, आणि आगवाले भर दुपारी गोणते खांद्यावर टाकून शिडीने उतरले. बोट त्यांना सोडून निघाली. पुढचे कुणालाच ठाऊक नाही. बाजारात लोक हे हसत सांगत, तेव्हा माझे डोके फिरे. साहेबांचा संताप येई, हेडमास्तरांचा येई, आणि सही न केलेल्या माझ्या हाताचा आजही येतो.

त्यांनी माझे नाव काढले का, असे मी त्या सोबत्याला विचारले होते.

"नाय," तो म्हणाला. "धक्क्यावर बसून सायकल जोडली, टायरांत हवा भरली, नि गेला. मागं बघितलंन नाय."