तांदळाच्या डब्यातली किल्ली

नवऱ्याला व्यसनमुक्ती केंद्रात सोडून आले तेव्हा तिथे काय चालतं याविषयीचं माझं सगळं ज्ञान सिनेमातलं होतं. सिनेमातल्या दारुड्याला पलंगाला बांधतात. तो किंचाळतो, भिंतीवर डोकं आपटतो. एका गाण्यात त्याची दाढी वाढते, दुसऱ्या गाण्यात उतरते. मग तो पांढऱ्या शर्टात फाटकाबाहेर येतो, बायको धावत जाऊन मिठी मारते आणि दिवे लागतात.

पहिल्या भेटीला मी त्याच तयारीने गेले. चांगली साडी नेसले, दोन रुमाल घेतले, एक माझ्यासाठी, एक त्याच्यासाठी. बघते तर हा अंगणात आठ-दहा जणांबरोबर मांडी घालून लसूण सोलतोय. मला म्हणाला, "बस जरा. एवढा सोलून होऊ दे, नाहीतर स्वयंपाकी ओरडतो." पहिले काही दिवस हात इतके थरथरायचे की कपातला चहा धरता यायचा नाही, डॉक्टर येऊन शेजारी बसायचे, हेही त्याने तेव्हाच सांगितलं, पण सोलता सोलता. मला रडायची संधीच मिळाली नाही. उलट रागच आला. वीस वर्षांच्या संसारात या माणसाने लसणाची एक पाकळी सोलली नव्हती.

तीन महिन्यांनी तो घरी, आमच्या गिरीज गावात, परत आला. मिठीचं मी ठरवून ठेवलं होतं, पण तोंडातून निघालं, "अहो, चपला बाहेर काढा, लादी ओली आहे." सासूबाई आतून ओरडल्या, "अगो, आदी पानी तं दे त्याला!" पाणी दिलं. मिठी राहूनच गेली.

सिनेमा फाटकाशी संपतो. पुढचं कुणी दाखवत नाही, त्यामुळे पुढे काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं. खोकल्याचं औषध मी कपाटात बंद केलं आणि दाढीनंतर लावायचं पाणी बटाट्यांच्या टोपलीत लपवलं. ते त्यालाच सापडलं.

"हे मी पिईन असं तुला कुणी सांगितलं?"

"सिनेमात पितात."

तो इतका हसला की सासूबाई बघायला आल्या.

स्कूटरची किल्ली मात्र मी तांदळाच्या डब्यात पुरली होती. पूर्वी संध्याकाळ झाली की तो स्कूटर घेऊन कळंबला जायचा, किनाऱ्यावर पीत बसायचा आणि कुणीतरी त्याला टेम्पोत घालून घरी आणून टाकायचं. आता त्याने किल्ली मागितली नाही, मीही दिली नाही. आमच्या वाडीतले केळीचे घड स्कूटरऐवजी दुसऱ्याच्या टेम्पोतून बाजारात जाऊ लागले. रोज तांदूळ काढताना माप किल्लीवर खणकन आपटायचं आणि मी ती आणखी खोल सारायचे. तो वाडीतून आला की कॉलर नीट करायच्या निमित्ताने त्याच्या तोंडाचा वासही घ्यायचे. त्याला ते कळायचं. कधी कधी तो आपणहून "हा" करून दाखवायचा. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा कॉलर वाकडी दिसायचीच.

सहा महिने असे गेले. एका शनिवारी आम्ही तिघं टीव्हीसमोर बसलो होतो. सिनेमातल्या नायकाने दारू सोडायची शपथ घेतली आणि बाटली भिंतीवर फेकली. केवढं संगीत! सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला. नवरा म्हणाला, "आता ही काच कोण गोळा करणार?"

मी हसायला लागले. पोटात कळ येईपर्यंत हसले. कारण आमच्या घरातली काच मीच गोळा करायचे. तोही हसत होता, मग थांबला आणि टीव्हीकडेच बघत म्हणाला, "तू करायचीस. खूप वेळा." एवढंच. दिवसाला दोनदा माफी मागून संध्याकाळी पिऊन येणाऱ्या माणसाच्या सगळ्या माफ्या मला पाठ होत्या. ही त्यांतली नव्हती.

रविवारी सकाळी तांदूळ घेताना किल्ली मापात आली. मी ती पदराला पुसली आणि त्याच्या पुढ्यात ठेवली.

"कळंबला बोंबील आलेत म्हणे. ताजे बघून आणा."

"कळंबला?" त्याने विचारलं.

"मग बोंबील काय केळीला लागतात?"

तो गेला आणि माझ्या डोक्यात सिनेमा सुरू झाला. अर्ध्या तासाचं काम. तास झाला. सासूबाई जप करत होत्या, की माझ्यावर नजर ठेवत होत्या, देव जाणे. दीड तास झाला. मी ओटा तीनदा पुसला. टेम्पोचा आवाज आला, मी फडकं टाकून दाराशी धावले. तो शेजाऱ्यांचा निघाला. मग स्कूटर आली.

"होड्याच उशिरा लागल्या," म्हणत त्याने पिशवी पुढे केली. भली मोठी पिशवी.

"एवढे? सगळ्या गिरीजला जेवायला बोलावलंत का? आणि हे साफ कोण करणार?"

मी तोंड सोडलं आणि मनात इतकी खूश होते की आवाज चढतच गेला. किल्ली दारामागच्या जुन्या खिळ्याला अडकवून तो आत आला, जमिनीवर बसला आणि म्हणाला, "लसूण दे इकडे."

मी बोंबील कापायला घेतले. तिसरा बोंबील हातात होता तेव्हा लक्षात आलं, आज मी त्याचा वास घ्यायला विसरले.